धरणातले न दिसणारे पीक



धरण म्हटले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भरलं का?" जुलै-ऑगस्टमध्ये चिंचणीच्या बाजारात दोन शेतकरी भेटले तरी हेच बोलतात. किती टक्के भरले, सांडव्यावरून पाणी गेले का, यंदा रब्बीला पाट कधी सुटणार. हे प्रश्न रास्तच आहेत. पाणी किती हे कळल्याशिवाय मिरचीचे रोप कोण टाकील? पण कृषी खात्यात विस्ताराचे काम करताना गावोगाव फिरले, तेव्हा एक गोष्ट सतत मनाला लागत राहिली. पाणी किती हे सगळे विचारतात. पाणी कसे आहे, त्यात काय वाढते आहे, हे विचारणारा शंभरात एखादाच भेटतो. आज त्याविषयीच तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

आपले गोडे पाणी येते पूर्वेच्या डोंगरांतून. सूर्या ही वैतरणेची उपनदी. तिच्यावर धामणी येथे मोठे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पावणेदहा टीएमसीच्या आसपास. धामणीतून सोडलेले पाणी खाली कवडासच्या बंधाऱ्यावर अडते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी शिवारात जाते. या धरणासाठी डोंगरातल्या आदिवासी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि खाचरे सोडली आहेत. आता याच सूर्येतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना आहे. त्यातले वसई-विरारचे पाणी २०२३ मध्ये सुरूही झाले. म्हणजे एका धरणावर शेत, गाव, गुरे, मासे आणि शहर असे पाच जण जेवायला बसले आहेत. अशा वेळी ताट किती मोठे आहे याबरोबर ताटात काय आहे हेही पाहायला हवे.

तर या पाण्यात आहे काय? चिंचणीच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे, कारण आपण त्याच जातीची वस्तू आवडीने खातो. जवळा! जवळ्याला पाय आहेत, मिशा आहेत, तो पाण्यात थोडाफार हलतोही. पण प्रवाहाच्या विरुद्ध पोहून जाण्याचे बळ त्याच्यात नाही. पाणी नेईल तिकडे तो जातो. म्हणून तर ओढीच्या तोंडाशी डोल लावली की तो आपसूक आत साठतो. पाण्याबरोबर असे वाहत राहणाऱ्या जीवांना शास्त्रात प्लवक म्हणतात. जवळा हा त्यातला थोरला भाऊ. धरणातले प्लवक मात्र बहुतेक इतके बारीक, की ओंजळभर पाण्यात हजारोंनी असले तरी ते पाणी तुम्हाला स्वच्छच दिसेल.

त्यांचे दोन वर्ग. एक वनस्पती प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म शेवाळ. त्यांना मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पण हिरवा रंग आहे, आणि भाताच्या पानाप्रमाणेच ते उन्हात आपले अन्न तयार करतात व प्राणवायू सोडतात. दुसरा वर्ग प्राणी प्लवकांचा. डॅफ्निया, ज्याला पाणपिसू म्हणतात. एकच डोळा असलेला सायक्लॉप्स. तोंडाशी चक्र फिरवल्यासारखे केस हलवणारे रोटिफर. ते शेवाळावर चरतात. म्हणजे शेवाळ हे गवत, पाणपिसू ही त्यावर चरणारी शेळी, आणि शेळीवर जगणारा मासा. जमिनीवर जशी शेती चालते तशीच ती धरणाच्या पाण्यात बाराही महिने चालू असते. फरक इतकाच, की तेथे नांगरट कोणी करीत नाही आणि पीक डोळ्यांना दिसत नाही.

या शेतीलाही हंगाम आहेत. पावसाळ्यात डोंगरातून तांबडे पाणी लोटते. गाळामुळे ऊन आत शिरत नाही, शिवाय पुराच्या पाण्याबरोबर बरेच प्लवक वाहून जातात. त्यामुळे त्या दिवसांत पाण्यातले पीक पातळ असते. दसरा-दिवाळीनंतर गाळ खाली बसतो, ऊन खोल पोचते, आणि पावसाने आणून टाकलेल्या खतावर शेवाळ वाढू लागते. उन्हाळ्यात पाणी कमी होते, तापते, आणि असलेले खत थोड्या पाण्यात दाटते. मग हे पीक फार माजण्याचा धोका असतो. तुम्ही म्हणाल, माजले तर माजले, आमचे काय गेले? त्याचा हिशेब आपण करूच.

पहिला हिशेब ठिबकाचा. आपल्या भागात, वाणगाव-चिंचणी पट्ट्यात, मिरची आणि ढोबळी मिरची किती होते हे मी तुम्हाला सांगायला नको. एका वर्षी फेब्रुवारीत वाणगावकडच्या एका तरुण शेतकऱ्याने मला बोलावले. कालव्याचे पाणी शेततळ्यात घेऊन तो ठिबकाने मिरचीला देत होता. ओळींच्या शेवटची झाडे माना टाकू लागली होती. त्याला वाटले, मर रोग आला. तीन वेळा बुरशीनाशक झाले, पैसे गेले, झाडे काही उठली नाहीत. मी त्याला नळीचे शेवटचे टोक उघडायला सांगितले. आधी हवा आली, मग हिरवट काळी, बुळबुळीत लाळ बाहेर पडली. झाडे रोगाने नव्हे, तहानेने मरत होती. तो म्हणाला, "मॅडम, तळ्यात पाणी काचेसारखं दिसतंय हो!" दिसणारच. शेवाळाचे कण जाळीच्या गाळणीतून सहज पार होतात, नळीच्या आत चिकटतात, त्यांवर जिवाणू वाढतात, त्यात मातीचा बारीक कण अडकतो, आणि ज्या तोटीतून थेंब पडायचा तिचे तोंड बंद होते.

म्हणून उघड्या पाण्यावर ठिबक चालवायचे असेल तर नुसत्या जाळीच्या गाळणीवर भिस्त ठेवू नका. आधी वाळूची गाळणी, मग जाळीची किंवा चकतीची, हा क्रम ठेवा. वाळूची गाळणी उलट्या पाण्याने वेळच्या वेळी धुवा. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोके उघडून पाणी सोडून द्या. पंपाचा फुटबॉल तळाशी नको, कारण तेथे गाळ असतो. अगदी वरही नको, कारण तेथे शेवाळ दाटते. तरंगत्या ड्रमला बांधून तो पाण्याच्या मधल्या थरात लटकवा. तळ्यावर सावलीची जाळी ताणता आली तर शेवाळाचे ऊनच तुटते. क्लोरीनची प्रक्रिया करायची असल्यास मात्रा कृषी सहायकाकडून ठरवून घ्या, अंदाजाने करू नका.

दुसरा हिशेब पिण्याच्या पाण्याचा. एकदा महिला बचत गटाच्या बैठकीत मी काचेच्या पेल्यात तळ्याचे पाणी आणि एक चांगले भिंग घेऊन गेले होते. उजेडाकडे धरले की पाणपिसू टुणटुण उड्या मारताना दिसतात. बायका एकेक करून पाहात होत्या, हसत होत्या. त्यात सत्तरीच्या एका आजींनी पेला खाली ठेवला आणि मला विचारले, "बाई, एवढं जिवंत पाणी आहे तर मग प्यायचं कसं? आम्ही इतकी वर्षं प्यालो ते काय होतं?" प्रश्न अगदी वर्मावर होता.

आजींना मी नारूची आठवण दिली. आजच्या तरुण वाचकांनी नारू पाहिलेला नाही, हे त्यांचे भाग्य. पायाच्या फोडातून हात-दीड हात लांबीचा जंत बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळून दिवसेंदिवस थोडा थोडा ओढावा लागे. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेला खिळे. हा रोग पसरायचा पाण्यातल्या त्या सायक्लॉप्समार्फत. नारूचा रोगी पायविहिरीत उतरला की फोडातून जंताची पिल्ले पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती खाई, आणि ते पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या पोटात वर्षभरात नवा नारू तयार होई. महाराष्ट्रही या रोगाच्या राज्यांपैकी एक होता. १९८३-८४ मध्ये देशभर निर्मूलनाचे काम सुरू झाले. पायविहिरी बंद करणे, हातपंप बसवणे, आणि घरोघरी पाणी दुहेरी कापडातून गाळणे, एवढ्या साध्या उपायांनी भारतातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. या रोगावर लस नव्हती, गोळी नव्हती. हंड्याच्या तोंडावरच्या कापडाने ही लढाई जिंकली.

गाळण्याची ही गोष्ट येथे संपत नाही. पटकीचे जंतू पाण्यातल्या अशाच प्राणी प्लवकांच्या अंगाला चिकटून राहतात, हे रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मग त्यांनी बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांत प्रयोग केला. जुनी सुती साडी घड्या घालून आठपदरी करायची, घागरीच्या तोंडावर बांधायची आणि त्यातून पाणी घ्यायचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक चांगली ठरली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे पिंजतात आणि छिद्रे बारीक होतात. आपल्या आज्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून पाणी गाळत, त्याला असा आधार आहे. मात्र एक लक्षात ठेवा. कापड प्लवक अडवते, सुटे जंतू अडवत नाही. म्हणून आधी गाळावे आणि नंतर उकळावे किंवा क्लोरीनचे औषध टाकावे. गाळायचे फडके रोज धुवावे, उन्हात वाळवावे, आणि त्याची एकच बाजू वर ठेवावी.

तिसरा हिशेब माशांचा, आणि तो जमेच्या बाजूचा आहे. धरणात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. कटला पृष्ठभागाजवळचे प्राणी प्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी सडलेला पाला वेचतो. एका धरणात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे राहावीत तशी ही व्यवस्था. एवढ्या मोठ्या धरणात रोज पेंड टाकणे कोणाला शक्य आहे? तेथे मासा मोठा होतो तो फुकटच्या प्लवकांवर. धरणाकाठच्या मच्छीमार कुटुंबांची चूल अशा रीतीने त्या न दिसणाऱ्या पिकावर पेटते. तेव्हा प्लवक म्हणजे घाण, हा समज काढून टाका. प्लवक नसलेले धरण म्हणजे गवत नसलेले माळरान.

मग बिघडते कुठे? बिघडते ते अति झाल्यावर. शेतात युरिया जास्त झाला की भात नुसता काळाभोर होऊन लोळतो, तसेच पाण्याचेही होते. दिवसा दाट शेवाळ भरपूर प्राणवायू देते. पण रात्री ऊन नसते तेव्हा तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू घेऊ लागते. पहाटेपर्यंत साठा संपतो. तळ्यावर पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर समजा की पाण्यातले पीक माजले आहे. पुढे एखाद्या ढगाळ आठवड्यात हे शेवाळ एकदम मरते, सडते, आणि मासे उलटे तरंगू लागतात. लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकले. पुष्कळदा विष कोणी टाकलेले नसते.

त्यातही एक जात विशेष सांभाळायची. निळे-हिरवे शेवाळ! भात शेतकऱ्याला हे नाव परके नाही. भातखाचरातले हे शेवाळ हवेतले नत्र जमिनीत बांधते, हे डॉ. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले, आणि आम्ही विस्ताराचे लोक अनेक वर्षे त्याच्या पिशव्या तुम्हाला देत आलो. खाचरातले हे मित्र. पण धरणात याच कुळातल्या मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती माजल्या, की पाण्यावर हिरवा तेलरंग सांडल्यासारखी साय धरते आणि त्यातून यकृताला बाधणारे विष उतरू शकते. अमेरिकेत टोलेडो नावाचे शहर एरी सरोवराचे पाणी पिते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्या सरोवरात असे शेवाळ माजले आणि सुमारे चार लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही चालणार नव्हते, कारण उकळल्याने हे विष जात नाही. पाणी आटून उलट दाट होते. श्रीमंत देश, मोठे जलशुद्धीकरण केंद्र, तरीही नळ बंद. आणि त्या सरोवरात खत येत होते ते मुख्यतः कोठून? नदीच्या दोन्ही अंगांच्या शेतांतून.

म्हणून पाण्यावर अशी साय दिसली तर ते पाणी पिऊ नका, गुरांना पाजू नका, मुलांना त्यात डुंबू देऊ नका. वाऱ्याने साय ज्या काठाला लोटली असेल त्या काठाला गुरे मुळीच नेऊ नका. मोरचूद टाकून शेवाळ मारण्याचा मोह होतो, तोही आवरा. शेवाळ एकदम मेले की त्यातले विष एकदम पाण्यात मोकळे होते आणि प्राणवायूही संपतो. ग्रामपंचायतीला व आरोग्य केंद्राला कळवून पाणी तपासून घेणे, हाच मार्ग.

आता मुळाशी जाऊ. शेवाळ माजते ते नत्राने की स्फुरदाने? यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद होता. तो मिटवण्यासाठी कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी आपल्या चाचणी प्लॉटसारखाच प्रयोग केला. फक्त प्लॉट म्हणून एक अख्खे तळे घेतले. मध्ये अरुंद असलेल्या त्या तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात साखर व नत्र टाकले, दुसऱ्यात तेच टाकून वर स्फुरद दिले. स्फुरदाचा भाग गर्द हिरवा झाला, शेजारचा निळाच राहिला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले.

आता हा स्फुरद आपल्या घरच्या हिशेबात बसवू. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत खतवाल्यांच्या मापाने २३ किलो स्फुरद असते, म्हणजे मूळ फॉस्फरस सुमारे १० किलो. एक किलो फॉस्फरसवर पाण्यात ५०० किलोपर्यंत ओले शेवाळ वाढू शकते, असा अंदाज सांगतात. म्हणजे एका गोणीतला दहावा भाग जरी वाहून गेला तरी पाच क्विंटल शेवाळाचे बी तुम्ही नदीला दिले, आणि त्याचे पैसेही तुम्हीच भरले! स्फुरद युरियासारखा झटकन विरघळून जात नाही. आपल्या तांबड्या मातीतले लोह त्याला घट्ट धरून ठेवते. तो जातो तो मातीबरोबर. म्हणून तांबडे पाणी वाहताना दिसले की त्यातून तुमचे खत चालले आहे असे समजा. ही माती धरणाच्या तळाशी बसते. उन्हाळ्यात वरचे तापलेले पाणी हलके होऊन वरच राहते, तळाच्या पाण्याला हवा मिळत नाही, तेथला प्राणवायू संपतो, आणि मग लोह आपली मूठ सोडते. वर्षानुवर्षे साठलेला स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळा होतो. म्हणून धरण एकदा बिघडले की ते लवकर सुधारत नाही. खाली घातलेली ठेव ते वर्षानुवर्षे व्याजासह परत करीत राहते.

असे बिघडलेले पाणी पाहायला परदेशी जायला नको. १९८० मध्ये पुरे झालेले भीमेवरचे उजनी धरण पाहा. साठा ११७ टीएमसीचा, म्हणजे आपल्या धामणीच्या जवळजवळ बारापट. सोलापूर जिल्ह्याचे ते जीवन. पण वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे, त्यांचे सांडपाणी नदीतून तेथे येऊन साठते, आणि उन्हाळ्यात त्या पाण्याला हिरवा रंग व वास येतो. तेथे दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, शहराचा वाटा मोठा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सूर्येच्या वरच्या अंगाला मोठे शहर नाही, कारखान्यांची वसाहत नाही. डोंगर आहे, जंगल आहे, भात-नाचणी-वरईची खाचरे आणि वरकस आहेत. ही आपली पुण्याई समजा. पण डोंगर उघडा पडला, उतारावर नांगर चालला, धो धो पावसाच्या तोंडावर खत फेकले गेले, तर धामणीलाही उजनीची वाट धरायला वेळ लागणार नाही. आणि उद्या शहरांनी पाण्याबद्दल तक्रार केली, तर बोट पहिल्यांदा शेतकऱ्याकडे दाखवले जाईल.

करायचे काय, ते सांगते. माती परीक्षण करा. ज्या जमिनीत स्फुरद भरपूर आहे तेथे डीएपी टाकणे म्हणजे भरल्या घड्यात पाणी ओतणे. भाताला खत फेकून देण्याऐवजी युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, वापरा. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत आवणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल चिखलात दाबतात. खत मुळाशी राहते, पुराबरोबर जात नाही, आणि खर्चही वाचतो. फेकून खत द्यायचेच असेल तर खाचराची तोंडे बांधून द्या आणि दोन-तीन दिवस पाणी बाहेर सोडू नका. वरकस उतारावर उताराला आडवी पेरणी करा. बांधावर वाळा किंवा गवताची दाट ओळ लावा. ओढ्याच्या काठची चार-पाच हात पट्टी नांगरू नका; ते गवत म्हणजे धरणाच्या तोंडावर बांधलेले आठपदरी फडकेच आहे. उकिरडा ओढ्याकाठी नको. शेणखताचा खड्डा उंचवट्यावर, बांधबंदिस्तीत असावा. फवारणीचा पंप नदीत धुऊ नये.

आणि पाण्याची नोंद ठेवायला शिका. १८६५ मध्ये इटलीतील धर्मगुरू अँजेलो सेकी यांनी समुद्राचा स्वच्छपणा मोजायला एक पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडली. आजही जगभर हीच रीत चालते. तुम्हीही करू शकता. जुन्या ताटलीला पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली दगड बांधा, दोरीला दर दहा सेंटीमीटरला गाठ मारा. दुपारी, पाणी संथ असताना, ताटली सावकाश खाली सोडा. ती दिसेनाशी झाली की गाठी मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. पाणी गढूळ नसताना शेततळ्यात तीस-चाळीस सेंटीमीटरपर्यंत ताटली दिसली तर माशांना चारा ठीक आहे. वीसच्या आत गेली तर शेवाळ माजले. रंगही लिहा. तांबूस असेल तर माती आली. फिकट हिरवा वा तपकिरी असेल तर बरे. तेलरंगासारखा हिरवा असेल तर धोका. काळसर आणि सडक्या अंड्याचा वास, तर तळातला प्राणवायू गेला. हे काम शाळेतल्या मुलांना द्या. आमच्यापैकी कोणी अधिकारी येईल तेव्हा येईल, पण दोन वर्षांची नोंद हातात असेल तर ग्रामसभेत तुमचा शब्द कोणाला टाळता येणार नाही.

बचत गटातल्या त्या आजींना मी शेवटी म्हटले, "आजी, पाणी जिवंत आहे म्हणून तर आपण जिवंत आहोत. त्यातले जीव जागच्या जागी राहावेत एवढेच आपण पाहायचे." त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणजे बाई, गाळायचं फडकं हंड्यावर बांधलं, तसं शेतालाही बांधायचं!" माझ्या तासाभराच्या व्याख्यानाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

सांगायचे ते इतकेच. शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, अशी मागणी आपण जरूर करू, आणि जोराने करू. पण ती करताना आपल्या शिवारातून निघणारा ओहोळ नितळ असला पाहिजे. यंदा मृगाचा पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा घरात बसू नका. इरले वा छत्री घेऊन बांधावर जा आणि आपल्या शेतातून बाहेर पडणारे पाणी काचेच्या ग्लासात धरा. तासभर ग्लास स्थिर ठेवा. तळाशी किती बोटे माती बसली ते पाहा, आणि बांध कोठे घालायचा ते त्याच दिवशी ठरवा.